‘का बे’ निसटलं तर निसटू दे

ऑफिसात ‘का बे’सारखी सोलापुरी बोली तोंडून निसटेल म्हणून मीटिंगमध्ये गप्प बसतो, असं तुम्ही लिहिलंय. वाचून पोटात कालवलं, कारण मी हे केलंय.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातले. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. आजोबा यंत्रमागावर चादरी विणायचे, इथल्या कितीतरी घरांसारखेच. सातवीत असताना अम्मा डबा घेऊन शाळेच्या फाटकाशी आली आणि तिनं तेलुगूत हाक मारली, “इटु रा!”, म्हणजे इकडे ये. मित्र हसले. मी ऐकूच आलं नाही असं दाखवून वर्गात गेलो. डबा शिपायानं आणून दिला, शेंगा चटणी आणि भाकरी, अजून गरम होती. ती पुन्हा कधी फाटकाशी आली नाही.

लोकांचं हसणं मी त्याच आठवड्यात विसरलो असेन. अम्माचं परत फिरणं मात्र विसरलो नाही.

म्हणून सांगतो, उद्या एक वाक्य तरी तुमच्या बोलीत बोला. भीती एकदम जात नाही हो. बँकेच्या रांगेत अम्माचा फोन आला की माझे कान अजूनही क्षणभर गरम होतात. तरी तेलुगूतच बोलतो, आवाज न उतरवता.