जुन्या गाडीची कूलिंग कॉइल: बदलावी की दर उन्हाळ्यात गॅस भरत राहावं?

कर्वेनगरी
गाडी २०१० ची, पेट्रोल. इंजिन ठणठणीत, पत्रा बरा. एसीचं मात्र दरवर्षी तेच. पाडव्याला गॅस भरायचा, मे महिना गारेगार जातो आणि गणपती येईस्तोवर पुन्हा नुसती पंख्याची हवा. यंदा एसीवाल्याने निदान केलं की कूलिंग कॉइल (डॅशबोर्डमागची, हवा गार करणारी जाळी) लीक आहे. डॅशबोर्ड अख्खा उतरवावा लागेल. कॉइल, व्हॉल्व्ह, गॅस, मजुरी धरून साडेचौदा हजार. नुसता गॅस अठराशे. गाडी विकली तर लाखभर येतील.

माझं मत बदलून टाकण्याकडे आहे. गाडी अजून पाच वर्षं वापरायची आहे, मग रडतखडत कशाला? मेव्हण्यांच्या मते हा शुद्ध वेडेपणा आहे. तुम्हाला काय वाटतं?

जुना_पुणेकर
पुण्यात गाडीला एसी लागतोच कुठे? एप्रिल-मेमधली दुपार सोडली तर काचा खाली करा आणि लकडी पुलावरून वारा खात जा. साडेचौदा हजारांत घरातले सगळे पंखे नवे येतील. मेव्हण्यांचं ऐका.

घाटवाट
काका, संध्याकाळी सात वाजता लकडी पुलावर काच खाली करून दाखवाच. वारा नंतर, आधी शेजारच्या रिक्षाचा धूर.

आणि एसी फक्त उन्हाळ्यासाठी असतो हे कोणी सांगितलं? जुलैत ताम्हिणीत चार ओली माणसं गाडीत बसली की समोरची काच आतून पांढरी होते. एसी लावला की हवेतलं बाष्प कॉइलवर धरतं, पाणी होऊन खालच्या नळीने बाहेर पडतं आणि काचेवर कोरडी हवा येते. एसी नसेल तर एका हातात स्टिअरिंग, एका हातात फडकं. पावसाळ्यात घाटात जाणाऱ्याला ही चैन नाही.

खडखडाट
मी बदलण्याच्या ठाम विरोधात. कॉइल वाईट म्हणून नव्हे, डॅश उतरवावा लागतो म्हणून. पंधरा वर्षं उन्हात तापलेलं प्लास्टिक असतं ते. क्लिपा हात लावताच तुटतात, लॉक निसटतात, आणि जोडून झाल्यावर दोन-चार स्क्रू ट्रेमध्ये उरतातच. पुढे प्रत्येक स्पीडब्रेकरला कुरकुर. एअरबॅग असेल तर तिच्या वायरिंगची आणखी चिंता.

हिशोबही बघा. साडेचौदा हजार भागिले अठराशे म्हणजे आठ वर्षांचा गॅस. गाडी पाचच वर्षं वापरायची, तीही आरटीओने नोंदणी वाढवून दिली तर. पंधरा वर्षं झाली की गाडी नेऊन दाखवा, पाच हजार फी (२०२२ पासून वाढलेली), वर पर्यावरण कर. एवढं सगळं करून कॉइलचे पैसे वसूल होतच नाहीत.

पाना_पक्कड
मी याच धंद्यात आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

खडखडाट, तुमच्या भागाकारात तेल धरलेलं नाही. कॉम्प्रेसरचं, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचं, तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस झिरपतो तेव्हा थोडं तेलही जातं, आणि रस्त्यावरचा ‘टॉपअप’वाला गॅस सोडतो पण तेल मोजत नाही. असे काही उन्हाळे काढले की कॉम्प्रेसर कोरडा चालतो. तो जाम झाला की धातूचा चुरा कंडेन्सरपर्यंत (गाडीच्या तोंडाशी असलेली, गॅस निववणारी जाळी) पोचतो, आणि मग जे बिल येतं त्यापुढे साडेचौदा हजार किरकोळ वाटतात.

पण धागाकर्त्यांचंही मला पटलेलं नाही. कॉइलच लीक आहे हे ठरवलं कशावरून? गॅस कुठूनही जातो. कंडेन्सर पुढे असतो, त्याला खडे लागतात. चार्जिंग व्हॉल्व्हची पिन गळते. कॉम्प्रेसरच्या पुलीमागचं सील जातं. ही सगळी कामं डॅशला हात न लावता होतात. आपल्याकडे मात्र बाहेर काही दिसलं नाही की सरळ कॉइलवर बिल फाडतात, कारण ती कोणाला दिसत नाही.

आधी गॅसबरोबर यूव्ही डाय (खास टॉर्चच्या उजेडात चमकणारा रंग) टाकून घ्या. काही दिवस गाडी वापरा आणि अंधारात निळ्या टॉर्चने सगळे जॉइंट बघा. कॉइल गळत असेल तर तिचं पाणी जिथून पडतं त्या नळीच्या तोंडाशी पोपटी तेलकट ओघळ दिसतो. दुसरा मार्ग स्निफरचा, म्हणजे गळका गॅस हुंगणाऱ्या यंत्राचा. गाडी बंद करून थोडा वेळ थांबायचं. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली बसतो. मग त्याच नळीशी स्निफर धरायचा. पुरावा डोळ्यांनी बघा, मगच डॅश उघडू द्या.

डॅश खरोखर उतरवायचाच झाला तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस बेताने सोडणारा) आणि सगळ्या ओ-रिंगा (जॉइंटमधल्या रबरी रिंगा) नव्या टाका. ड्रायर हमखास बदला. सिस्टिम उघडी पडली की तो हवेतला ओलावा पिऊन बसतो. आधी नायट्रोजन भरून प्रेशर धरतंय का बघायचं, मग व्हॅक्यूम, मग गॅस, तोही बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढा, काट्यावर मोजून. हिटरचे पाइप तिथेच असतात, तेही तपासून घ्या. लीक बंद करायचं औषध कोणी सुचवलं तर तिथून निघा. ते व्हॉल्व्हमध्येच गोठून बसतं. जुनी कॉइल ब्रेझिंग करून, म्हणजे धातू वितळवून भोक बुजवून, देणारेही भेटतील. एक भोक बुजतं, शेजारचा पत्रा कुजलेलाच असतो.

एक विचारतो. गाडी झाडाखाली लावता का? गुलमोहर, रेन ट्री यांची बारीक पानं वायपरखालच्या जाळीतून ब्लोअरमध्ये जातात. बऱ्याच जुन्या गाड्यांना केबिन फिल्टरच नसतो. कॉइल कायम ओली, त्यावर पानं आणि धूळ बसली की खत तयार होतं आणि त्याखाली अॅल्युमिनियम कुजतं. ते थांबवलं नाही तर नवी कॉइलही त्याच वाटेने जाणार.

कर्वेनगरी
पाना_पक्कड, गाडी सोसायटीच्या रेन ट्रीखालीच असते! डाय टाकलेली नाही. त्याने साबणाचं पाणी बाहेरच्या जॉइंटना लावलं, फुगे आले नाहीत, म्हणून कॉइल.

मोजूनमापून
गॅस भरत राहण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांसाठी. २०१० च्या गाडीच्या एसीत आर-१३४ए नावाचा गॅस असतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट उष्णता अडवतो. छोट्या गाडीत साधारण ४०० ग्रॅम मावतो. म्हणजे एक भरणा हवेत गेला की पावणेसहाशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. तेवढ्यासाठी जवळजवळ अडीचशे लिटर पेट्रोल जाळावं लागेल. दर पाडव्याला!

खडखडाट
मग गाडीच चालवू नका. चेष्टा सोडा, आकडा मोठा आहे हे मान्य. पण कॉइल बदलताना आत उरलेला गॅस यंत्राने काढून बाटलीत भरणारे किती? बहुतेक जण पिन दाबून सरळ हवेत सोडतात.

पाना_पक्कड
सोडतात, खरं आहे. आधी विचारा, रिकव्हरी मशीन आहे का. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे काट्याचं मशीनही असतंच. आणि ‘स्वस्तातला गॅस’ नको. काही बाटल्यांत ब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण निघतं. ते पेटतं, आणि गळकी कॉइल तुमच्या पायांच्या वर आहे.

जुना_पुणेकर
म्हणजे फुकटचा वारा सोडून पायाशी सिलिंडर. बाकी चालू द्या.

घाटवाट
धागाकर्ते, गाडी कोणती ते लिहिलं नाहीत. काही जुन्या छोट्या गाड्यांत ग्लोव्ह बॉक्स काढला की कॉइलची पेटी बाजूने बाहेर येते, अख्खा डॅश उतरवावा लागत नाही. तसं असेल तर खडखडाट यांचा निम्मा विरोध तिथेच संपतो आणि मजुरीही.

कर्वेनगरी
सेडान आहे. दुसऱ्या एसीवाल्यालाही विचारलं, डॅश उतरवावाच लागेल म्हणाला. या आठवड्यात डाय टाकून घेतो. नळीशी पोपटी ओघळ दिसला तर बदलणार, नाही दिसला तर पुढचा कंडेन्सर बघायला सांगतो.

खडखडाट
ओघळ दिसला तरी माझं मत तेच. गॅस दीड-दोन महिन्यांत जात असेल तर नाइलाज आहे, बदला. पाच महिने पुरत असेल तर दरवेळी तेल मोजून घालायला सांगा आणि भरत राहा. आणि बदलायलाच निघालात तर गाडी ठेवून घरी जाऊ नका. शेजारी उभे राहा, काम सुरू व्हायच्या आधी बॅटरीची तार काढायला लावा आणि प्रत्येक थराचा फोटो काढा. स्क्रू परत मोजून मागा.