स्वाधारचा हप्ता आला नाही, मेसचे दोन महिने थकलेत. काय करू?

परभणीचा_पोरगा:
पुण्यात एस. वाय. बीएस्सीला आहे. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणून आंबेडकर स्वाधारचा (बाहेर राहण्या-जेवण्याचे पैसे देणारी सरकारी योजना) फॉर्म भरला. मंजूरही झाला. वर्षाचे ६० हजार: जेवणाचे ३२, राहण्याचे २०, किरकोळ खर्चाचे ८. हे सगळं कागदावर. माझ्यासोबत फॉर्म भरलेल्या पोराला हप्ता पडून दीड महिना झाला, माझ्या खात्यात काहीच नाही. कॉट बेसिसचं (खोलीतल्या एका खाटेचं) भाडं दादाने उसने घेऊन पाठवलं. यंदा सोयाबीन पाण्यात गेलं, त्याच्याकडे अजून कसं मागू? मेसच्या मावशी अजून काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या वहीत माझ्या नावापुढे लाल पेनाने गोल केलाय. तो दिसल्यापासून चार दिवस मेसला गेलोच नाही. सकाळी पारले-जी आणि चहा, रात्री वडापाव. प्रॅक्टिकलला उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. वर्गात कुणाला सांगितलेलं नाही.

कॉट_नं_३:
शिवभोजन केंद्र बघ जवळपास. १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. जे केंद्र चालू असेल तिथे लवकर जा, थाळ्या मोजक्याच असतात.

जुना_स्वाधारवाला:
मीही यातून गेलोय, आता ज्युनिअर कॉलेजला शिकवतो. आधी एक सांग, मध्ये नवीन सिम घेतलंस का? सिमवाला अंगठा घेतो आणि त्यासोबत मोबाइलमधलं पेमेंट बँकेचं खातंही उघडून देतो. आपल्याला पत्ता नसतो. सरकारी पैसे तू फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात येत नाहीत, आधारला शेवटचं सीडिंग (म्हणजे जोडणी) ज्या बँकेचं झालंय तिथे जातात. माझा हप्ता असाच तीन महिने भलत्याच खात्यात पडून होता आणि मी समाजकल्याणच्या जिन्यावर बसून साहेबांना शिव्या घालत होतो. आधारच्या साइटवर लॉगिन कर, 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये बँकेचं नाव दिसेल.

दुसरं, कॉलेजच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेट. ऑफिसच्या खिडकीवर विचारू नकोस, तिथे 'नोटीस बोर्ड बघा' एवढंच ऐकायला मिळतं. 'कमवा व शिका'त जागा आहे का विचार. लायब्ररीत पुस्तकं लावायची, बागेला पाणी घालायचं, तासावर पैसे मिळतात. महिना भरल्याशिवाय हातात काही येत नाही हे धरून चाल. आणि हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नकोस, स्वाधारला ती लागते. उपाशी पोटी लेक्चर बुडवशील तर पुढचा हप्ताही अडकेल.

मेसला आजच जा. तू गायब झालास की मावशींना वाटणार, पोरगं पैसे बुडवून पळालं.

सदाशिवपेठी:
विद्यार्थी साहाय्यक समितीत पण विचार. १९५५ पासून खेड्यातल्या पोरांसाठी वसतिगृहं चालवतात. मधल्या वर्षात प्रवेश अवघड आहे, पण पुढच्या वर्षाचं तरी कळेल.

परभणीचा_पोरगा:
सर, बरोबर निघालं. जुलैत सिम घेतलं होतं. सीडिंगला त्याच बँकेचं नाव आहे, ॲप उघडलं तर पहिला हप्ता तिथे पडलेला! पण एटीएम कार्डच नाही, दुसऱ्या खात्यात पाठवायला गेलो तर केवायसी अर्धवट म्हणतंय. उद्या आधार घेऊन त्यांच्या सेंटरवर जातो.

संध्याकाळी मेसला गेलो. मावशींना मोबाइल दाखवला. त्यांनी चष्मा लावून आकडा वाचला, वही काढली, गोल तसाच ठेवला आणि ताट वाढलं. आठवडाभर संध्याकाळी डबे भरायला ये म्हणाल्या. मी हळूच विचारलं, चार दिवसांचे खाडे धरून पैसे कमी करणार का? नाही म्हणाल्या. न सांगता केलेला खाडा त्या कुणाचाच धरत नाहीत.