मदत हवी आहे: फियाटच्या आरसीवर 1967, तोंड मात्र पद्मिनीचं. काय बदलू, काय ठेवू?

गोठ्यातली_फियाट:

नमस्कार मंडळी, एवढे दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून टंकतोय. आजोबांची फियाट आहे, आरसी बुकात 1967, मुंबईचा जुना एमआर सीरीजचा नंबर, गेली नऊ वर्षं साताऱ्याजवळ आमच्या गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी आहे आणि आता ती चालू करून व्हिंटेजचं व्हीए सीरीजचं पासिंग करून घ्यावं असं डोक्यात आलंय. पण 1967 म्हणजे डिलाईट (फियाटचं तेव्हाचं मॉडेल, पद्मिनीच्या आधीचं) असायला हवी ना? माझ्या गाडीला पुढे काळी प्लास्टिकची ग्रिल, डिकीवर 'प्रीमियर'चा बिल्ला, सीटासुद्धा पद्मिनीच्याच वाटतात. बाबा म्हणतात पहिल्यापासून अशीच होती. आई म्हणते अजिबात नाही, 1981 ला लग्नाच्या दिवशी पुढचा सगळा भाग चकचकीत होता, त्यात बघून मी टिकली सरळ केलेली. बाबा म्हणतात ती हेडलाईटची रिंग होती. हे भांडण चाळीस वर्षं चालू आहे, तुम्हीच मिटवा.

तर कुठल्या सालात नक्की काय बदललं, आणि या मिसळीमुळे पासिंग अडेल का?

जुनं_लोखंड:

आईंचं बरोबर असणार. प्लास्टिकची ग्रिल बरीच नंतरची, डिलाईटला क्रोमच होतं.

थोडक्यात वंशावळ सांगतो. 1954 ला आली ती डुक्कर फियाट, पुढचं थोबाड बघितलं की नाव का पडलं ते विचारावं लागत नाही. तिची पुढची दारं उलटी उघडायची, बिजागऱ्या मागच्या बाजूला, आणि पाठ गोलमटोल. मग 1958 ची एलिगंट, तिथून मागे शेपटीसारखे फिन आले आणि डिकी लांब झाली. मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, आणि 1964 ला डिलाईट. डिलाईटची पुढची दारं सरळ उघडतात. पुढे 1972 च्या सुमारास तीच गाडी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून पद्मिनी. म्हणजे डिलाईट ते पद्मिनी मूळ पत्रा जवळपास तोच, बदलत गेले ते वरचे दागदागिने, म्हणून तर कुर्ल्याच्या भंगारातून काहीही आणून कशालाही बसवता येतं आणि लोकांनी बसवलंही. तुमच्या मेकॅनिकला जी ग्रिल स्वस्तात मिळाली ती त्याने ठोकली, विषय संपला.

एक सांगतो, नटबोल्टने निघणाऱ्या कुठल्याही वस्तूवरून साल ठरवू नका. पत्र्यातली भोकं बघा, ती खोटं बोलत नाहीत. बिल्ल्याच्या आजूबाजूला लांबी (भोकं बुजवायची पुट्टी) भरलेली आहे का ते नखाने टोकरून बघा.

आणि हो, पार्ट बाहेरून मागवायच्या आधी थांबा. डिलाईट म्हणजे मूळची इटलीची 1100 डी, पण तिकडच्या 1100 डी ला 1221 सीसीचं इंजिन होतं, आपल्याकडे मात्र 1089 च राहिलं. स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्हीचा 75 मिमी, पण बोअर (सिलिंडरचा व्यास) तिकडे 72 आणि इकडे 68. इटालियन साइटवरून 'फियाट 1100 डी पिस्टन' म्हणून मागवलेत तर पेपरवेट म्हणून छान दिसतील. माझ्या टेबलावर चार आहेत.

फाईल_बहाद्दर:

पासिंगचं मी सांगतो. 2021 च्या नियमात पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज धरतात, अट अशी की मूळ रूपात हवी आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल नको. ग्रिल किंवा सीटचं नाव त्यात नाही, तरी मूळ रूप म्हटल्यावर मूळची लावून घेतलेली बरी. खरी भानगड इंजिनाची. आरसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळतोय का? हे आधी बघा, ग्रिल गेली खड्ड्यात. नव्याने नोंदणी असेल तर फी 20,000, मुदत 10 वर्षं. आणि हे माहीत असू दे की व्हीए नंबरवर गाडी रोज बाजारात नेता येणार नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच.

टपरीवरचा_चहा:

एस वन पद्मिनीचा फ्लोअर गिअर टाका, बकेट सीट टाका, मस्त चालवा. कसलं ओरिजिनल घेऊन बसलात.

जुनं_लोखंड:

@टपरीवरचा_चहा, स्टिअरिंगवरचा गिअर काढायचा असेल तर फियाट ठेवायचीच कशाला, अल्टो घ्या.

गोठ्यातली_फियाट:

सगळ्यांचे आभार. काल दुपारभर शेडमध्ये होतो. ब्लॉकवरचं ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसलं, नंबर आरसीशी जुळतो, फक्त एक आकडा गंजाने अर्धा खाल्लाय, तो 3 आहे की 8 यावर माझा आणि चुलतभावाचा वाद चालू आहे.

मग 'प्रीमियर'च्या बिल्ल्याभोवती स्क्रू ड्रायव्हरने टोकरलं. आधी पांढरा रंग, खाली निळसर, त्याखाली लांबीचा गोळा निघाला आणि मागून उजेड दिसायला लागला. तीन भोकं, बिल्ल्याच्या जरा वरती, आताच्या बिल्ल्याशी काही संबंध नसलेली. बाबांना हाक मारली. त्यांनी बोट घालून बघितलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तरी टिकली हेडलाईटमध्येच बघितली होती."

@फाईल_बहाद्दर, तो अर्धा खाल्लेला आकडा इन्स्पेक्शनला चालतो का, की आधी अर्ज करावा लागतो? आणि डिलाईटची क्रोम ग्रिल कुणाकडे पडून असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पोचे चालतील.