आखेनहून एका दिवसात काय बघावं? तीन देशांची सीमा की कोलोन?

शहापूरकर_आखेन:
नमस्कार मंडळी, मी बेळगाव शहापूरचा, सध्या जर्मनीत आखेनला मास्टर्स करतोय. रविवारी क्लासमधली आम्ही सहाजणं कुठंतरी फिरून यायचं म्हणतोय, एक तुर्की, दोघं चिनी, एक कोलंबियाची मुलगी, एक केरळचा आणि मी. अर्ध्यांचं म्हणणं कोलोनला जाऊन कॅथेड्रल बघू, मला मात्र जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स एकत्र येतात तो पॉइंट बघायचाय, इथून इतकं जवळ असून अजून गेलो नाही. फोनवर बाबांना सांगितलं तर म्हणाले बॉर्डरच बघायची तर एवढ्या लांब कशाला गेलास, बेळगावजवळ महाराष्ट्राच्या सीमेवरच्या शिनोळीला जाऊन आला असतास की. तिथं दिवसभर वेळ जाईल काय? आणि रविवारी सगळं बंद असतंय त्याचं काय करायचं?

चंदगड_रोड:
अरे जा की बिनधास्त. मी त्याच भागात शिकलोय, आता परत बेळगावात आहे. पण आधीच सांगतो, नुसता दगड बघायला वीस मिनिटं पुरे, तिघा देशांत एकेक पाय ठेवून फोटो काढायचे आणि संपलं. आखेनहून नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट शहराची ३५० नंबरची बस धर, सीमेवरच्या वाल्स या डच गावाला उतर आणि तिथून चालत चढ. डोंगराचं नाव वाल्सरबर्ग, उंची ३२२ मीटर, डच लोकांना त्याचं लई कौतुक कारण कॅरिबियन बेटं सोडली तर त्यांच्या देशात यापेक्षा उंच जागाच नाही, आपलं बेळगाव साडेसातशे मीटरवर बसलंय ते त्यांना सांगू नको. बेल्जियमच्या बाजूला ५० मीटरचा मनोरा आहे, त्यावर चढलास की आखेन दिसतंय.

खरी गंमत पुढं आहे. एकेकाळी तिथं तीन नाही, चार सीमा मिळायच्या. नेपोलियन हरल्यावर प्रशिया (तेव्हाचं जर्मन राज्य) आणि नेदरलँड्स यांच्यात जवळच्या केल्मिस गावच्या जस्ताच्या खाणीवरनं भांडण लागलं, कुणीच सोडायला तयार नाही, म्हणून १८१६ मध्ये जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचा तुकडा दोघांचाही नाही असं ठरवून वेगळा काढला, न्यूट्रल मोरेसनेट. १८३० ला बेल्जियम नेदरलँड्सपासून वेगळा झाला तसं चौथं टोक तयार झालं. पुढं १८८५ च्या सुमारास खाण संपली तरी तो तुकडा तसाच राहिला, १९०८ मध्ये तर तिथल्या एका डॉक्टरनं एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या भाषेचा देश करायचा घाट घातला होता. शेवटी पहिल्या महायुद्धानंतर १९२० ला बेल्जियमकडं गेला. सीमाप्रश्न ऐकतच मोठं झालेल्या आपल्यासारख्यानं हे बघायलाच पाहिजे. केल्मिसला त्या खाणीचं म्युझियम आहे, रविवारची वेळ आधी बघून घे.

निपाणीकर:
तिथं आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यासारखं अडवतात काय? आंदोलन पेटलं की आमच्याकडं एसटी नाक्यावरनंच माघारी फिरवतात, म्हणून विचारलं.

चंदगड_रोड:
नाही रे, बस सरळ जाते, मोबाईलवर दुसऱ्या नेटवर्कचा मेसेज आला की कळतंय देश बदलला. तरी पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट ओरिजिनल जवळ ठेवा, फोटोकॉपी नको. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीनं सगळ्याच सीमांवर तपासणी सुरू केली, परत येताना कधी बसमध्ये पोलीस चढतात. आणि तिथं आता भाषेवरनं मारामारी नाही, केल्मिस बेल्जियममध्ये असून जर्मन बोलतात, त्या भागाची वेगळी संसद तिथल्याच ऑयपेन गावात आहे. आपल्याकडं दुकानाच्या पाटीवरनं काय काय होतंय ते तुला माहीतच आहे.

खानापूरची_पोर:
मी सध्या मास्ट्रिख्टलाच आहे. सकाळी डोंगर करा आणि खाली येऊन त्याच ३५० नं पुढं इकडं या, रविवारी जर्मनीत दुकानं बंद, इथं दुपारी उघडी असतात. तेराव्या शतकातल्या चर्चमध्ये पुस्तकांचं दुकान आहे, डोमिनिकानेन, तीन मजली उंच कपाटं, ते चुकवू नका. मग व्लाय खायचा, फळं घातलेला इथला केक. केल्मिस आणि मास्ट्रिख्ट दोन्ही एका दिवसात कोंबू नका, सहाजणांत कोण ना कोण मागं राहतंयच. कोलोन नंतर कधीही होतंय, विद्यार्थ्यांच्या सेमेस्टर तिकिटावर आरई १ किंवा आरई ९ या साध्या गाडीनं तासाभरात पोचतोस, कॅथेड्रल स्टेशनला लागूनच. १२४८ ला सुरू केलेलं १८८० ला पुरं झालं, मनोऱ्यावर जायला ५३३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. फक्त सेमेस्टर तिकीट आयसीई या वेगवान गाडीला चालत नाही, तेवढं मित्रांना बजावून ठेव.

शहापूरकर_आखेन:
थँक्यू ताई, थँक्यू दादा. ५३३ पायऱ्या ऐकून कोलोनवाले आपोआप गप्प झाले. डोंगर आणि मास्ट्रिख्ट फिक्स, पासपोर्टचं ग्रुपवर टाकलंय. केल्मिसला मी आणि तो तुर्की मित्र नंतर सवडीनं जाऊ, त्याला ते चार सीमांचं प्रकरण लई आवडलंय.