गेलिक भाषा येत नसताना गेलिक गाणी कशी गावीत?

षड्ज : नमस्कार. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवरची गेलिक गाणी मी ध्वनिमुद्रणे ऐकून शिकत आहे. शब्द देवनागरीत उतरवून घेतो आणि चाल पक्की करतो, परंतु भाषा मुळीच येत नाही. सूर लागतो, तरीही मूळ गायिकेचे ऐकल्यानंतर माझे गाणे सपाट वाटते. दोष उच्चारांत असावा की लयीत? आणि भाषा येईपर्यंत गाणे थांबवावे काय?

कानसेन : देवनागरीत लिहून घेणे उत्तम, मात्र ते छापील रोमन अक्षरांवरून नव्हे, कानावरून लिहावे. शब्दारंभीचा ‘बी’ आपल्या ‘ब’पेक्षा ‘प’ला जवळचा असतो. दंत्य ‘त’साठी इंग्रजी भाषकांना जीभ मुद्दाम वळवावी लागते, ती सवय आपल्याला आयती आहे. अवघड जाते ते शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी येणाऱ्या ‘क’, ‘त’, ‘प’ यांच्या आधी सुटणारा श्वास. ‘मॅक’ असा वाचला जाणारा शब्द ‘माख्क’ असा ऐकू येतो. ऱ्हस्व-दीर्घ तर अजिबात चुकवू नये. दीर्घ ‘आ’चा ‘बाता’ म्हणजे होडी आणि ऱ्हस्व स्वराचा तोच शब्द म्हणजे काठी. पण त्याहून मोठे नुकसान काव्याचे होते, कारण गेलिक यमक प्रामुख्याने स्वरांवर जुळते आणि पुष्कळदा एका ओळीच्या शेवटचा स्वर पुढच्या ओळीच्या मधल्या शब्दाला जाऊन मिळतो. स्वर बिघडला की ही वीण उसवते.

लयवेध : उच्चारांचे म्हणणे मान्य, तरी सपाटपणाचे मूळ मला लयीत दिसते. बहुतेक शिकणारे पहिले कडवे स्वरलिपीवरून बसवतात आणि उरलेली कडवी त्याच साच्यात कोंबतात. जाणत्या गायिका तसे करत नाहीत. कडव्यागणिक अक्षरे कमी-जास्त होतात, तशी त्या चालच थोडी वाकवतात, आणि बोलताना जिथे आघात पडतो तिथेच तो गाण्यातही पडू देतात. घट्ट विणीसाठी ओले लोकरी कापड फळीवर आपटताना बायका जी गाणी म्हणत, त्यांत एक जण ओळ उचलते आणि बाकीच्या ध्रुपद धरतात. त्या ध्रुपदातील निरर्थक अक्षरे ठरलेली असतात. ती भरताड समजून मनाने बदलू नयेत.

एडिनबरा विद्यापीठात 1951 साली स्थापन झालेल्या स्कॉटिश अध्ययन विभागाची क्षेत्रीय ध्वनिमुद्रणे ‘तोबर अन दुअलखिश’ या संकेतस्थळावर विनामूल्य ऐकता येतात. एकाच गाण्याचे दोन-तीन गायकांचे पाठ शेजारी ठेवून ऐकावेत. मार्जरी केनेडी-फ्रेझर यांचे 1909पासूनचे संग्रह पियानोच्या साथीसाठी बदललेले आहेत. सुंदर असले तरी शिकायला नकोत.

उत्तरायण : थांबण्याचे कारण नाही. मार्गारेट फे शॉ मूळच्या अमेरिकन, पण 1929पासून काही वर्षे साउथ उइस्ट बेटावर दोन बहिणींच्या घरी राहून त्यांनी तिथली गाणी टिपली आणि 1955मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. 1892मध्ये ओबान येथे सुरू झालेल्या ‘मोड’ या वार्षिक महोत्सवात भाषा शिकणाऱ्यांसाठी वेगळ्या स्पर्धा असतात, म्हणजे तेथील लोकांनी परक्यासाठी दार उघडेच ठेवले आहे. माझ्या मते अट एवढीच असावी की अर्थ शब्दशः कळल्याखेरीज एकही कडवे श्रोत्यांसमोर म्हणू नये, आणि गाणे कोणाकडून घेतले ते आधी सांगावे. तशी तिथली रीतच आहे. चर्चमध्ये एकाने ओळ सांगून सर्वांनी उचलायची गेलिक स्तोत्रे मात्र उपासनेची आहेत, ती मैफलीत आणू नयेत.

षड्ज : मनःपूर्वक आभार. प्रारंभ नाचाच्या धुना तोंडाने म्हणण्याच्या प्रकारापासून करावा काय? ती गाणी लहान असतात.

लयवेध : लहान असतात म्हणूनच फसगत होते. त्या वेगात श्वासाला जागा नसते आणि कच्चे उच्चार तसेच पक्के होऊन बसतात. आधी कापडाचे एखादे संथ गाणे घ्यावे आणि शक्य असल्यास ध्रुपद धरणारे एक-दोघे सोबत घ्यावेत.