अख्खं पुस्तक ग्रुपवर टाकायची शिक्षकाला मोकळीक आहे का?

नेरुळ पश्चिम: ठाण्यातल्या प्राध्यापकांच्या ग्रुपवर काल कुणीतरी साडेचारशे पानांचं पुस्तक स्कॅन करून टाकलं. वर लिहिलंय, 'दिल्लीच्या निकालाने शिक्षकाला सगळं माफ केलंय.' साफ चूक. तो निकाल दिल्ली उच्च न्यायालयाचा, प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठातल्या फोटोकॉपी दुकानाविरुद्ध केलेल्या दाव्यातला. ९ डिसेंबर २०१६ ला खंडपीठाने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(आय) चा अर्थ लावला तो असा: शिकवण्याच्या ओघात, त्या कामाला लागेल तेवढी नक्कल. अख्ख्या पुस्तकांचा मुद्दा सुनावणीसाठी परत पाठवला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला, त्यामुळे त्यावर निर्णय झालेला नाही.

ऐरोली सेक्टर ८: टक्केवारीची मर्यादा नाही, हेही त्याच निकालात आहे. ते का गाळलंत? ग्रंथालयात दोन प्रती आणि वर्गात सत्तर मुलं, तर पोरांनी करायचं काय?

नेरुळ पश्चिम: अभ्यासक्रमात तीन प्रकरणं असतील तर तीन स्कॅन करा. बाकीची अकरा कशासाठी? शिवाय तो ग्रुप शिक्षकांचा. तिथे कोणता वर्ग चालू आहे?

वाशी, तासिका तत्त्व: प्रकाशकांची एवढी काळजी, मग आमच्या पीपीटींचं काय? सत्र संपलं की कॉलेज फाइली मागतं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या नावाने त्याच वर्गात चालतात.

ऐरोली सेक्टर ८: कलम १७(सी) वाचा. नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला हक्कदार नोकरी देणाराच, वेगळा करार नसेल तर.

वाशी, तासिका तत्त्व: तुम्हीच नीट वाचा! तिथे 'सेवेचा करार' म्हटलंय. तासावर मोबदला, ना रजा ना फंड, त्याला कायम नोकरीच्या मापाने मोजता? कॉलेजला हक्क घ्यायचे तर कलम १९ प्रमाणे लेखी, सहीनिशी घ्या. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षंच धरतात.

ऐरोली सेक्टर ८: तासिकावाल्यांचा प्रश्न वादाचा आहे, एवढं मान्य. कायम प्राध्यापकांना ही पळवाट नाही.

नेरुळ पश्चिम: नाव पुसणं मात्र दोघांच्याही बाबतीत गैर. मालकी गेली तरी कलम ५७ चा लेखकाचा हक्क राहतो. नेमणुकीच्या पत्रातच पीपीटीचं कलम घालून घ्या, सत्र संपल्यावर भांडून हाती काही लागत नाही.

आता मूळ मुद्दा. लागतील तेवढीच प्रकरणं, सोबत पुस्तकाचं शीर्षकपान, आणि ते फक्त त्या विषयाच्या ऑनलाइन क्लासरूममध्ये. सत्र संपलं की काढा. पैसे देऊन घेतलेल्या ई-पुस्तकाचं कुलूप तोडून पीडीएफ काढू नका, ते कलम ६५ए च्या गुन्ह्यात जातं.

ऐरोली सेक्टर ८: बरं, ग्रुपवरची फाइल काढायला सांगतो. पण त्या दोन प्रतींच्या चार करायचं ग्रंथालय समितीत तुम्हीच मांडा.