मदत हवी आहे: पावसाळ्यातल्या कच्च्या उतारावर गाडीचा सुरक्षित वेग कसा ठरवावा?

नमस्कार मंडळी,

माझे गाव भोर तालुक्यात, हिर्डोशी खोऱ्यात आहे. भोर–महाड रस्ता सोडल्यावर आमच्या वाडीपर्यंत साडेतीन किलोमीटरचा कच्चा रस्ता लागतो, आणि आईला दर पंधरा दिवसांनी तपासणीसाठी भोरला न्यावे लागत असल्यामुळे भर पावसातही तो टाळता येत नाही. त्यासाठीच दीड वर्षापूर्वी जिमनी ही फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणारी) गाडी घेतली. डांबरी रस्त्यावर मी २२ वर्षे गाडी चालवतो आहे. फोर बाय फोर चालवण्याचे रीतसर शिक्षण मात्र घेतलेले नाही.

वाडीतून निघाल्यावर शाळेमागे साधारण ६० मीटरचा तीव्र उतार आहे. मुरमावर वरची लाल माती वाहून आलेली असते, मधोमध पाण्याने घळ कापलेली आहे, आणि तळाशी रस्ता उजवीकडे वळतो. डाव्या अंगाची भातखाचरे तिथे रस्त्यापेक्षा दहा फूट खाली आहेत. गेल्या जुलैत मी फोर-एचमध्ये (चारही चाकांना ताकद, पण नेहमीच्या वेगाची श्रेणी), दुसऱ्या गिअरवर, ताशी १५ किलोमीटरने हा उतार उतरत होतो. अर्ध्यात वेग जास्त वाटला म्हणून ब्रेक दाबला, तर एबीएसमुळे (ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी व्यवस्था) पेडल पायाखाली थरथरू लागले, पण गाडी काही हळू होईना. स्टिअरिंग उजवीकडे वळवले तरी गाडीचे तोंड सरळ खाचराकडेच. घाबरून पाय उचलला गेला, त्याबरोबर पुढची चाके पुन्हा फिरू लागली आणि गाडी वळली. मागचे डावे चाक कडेपासून हातभर अंतरावर थांबले. आई शेजारी बसलेली होती. उतरून पाहिले तेव्हा टायरच्या नक्षीतल्या सगळ्या फटी मातीने लिंपून गेल्या होत्या आणि चाक मडक्यासारखे गुळगुळीत झाले होते. दोष गाडीचा नव्हता. माती काय आहे हे न पाहता मी वेग ठरवला होता.

त्यानंतर काही गोष्टी मी कटाक्षाने पाळतो. उताराच्या माथ्यावर गाडी थांबवून आधी पायी खाली जाऊन येतो, कारण जिथे माझीच चप्पल घसरते तिथे टायरकडून फारशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नसतो. फोर-एल (चारही चाकांना ताकद, पण कमी वेगाची आणि जास्त ओढीची श्रेणी) आणि पहिला गिअर माथ्यावरच टाकतो, क्लचला पाय लावत नाही, आणि इंजिनच्या ओढीवर गाडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू उतरू देतो. ताशी २० किलोमीटरला गाडी एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाते आणि वेग दुप्पट झाला की थांबवण्याची ऊर्जा चौपट होते, हा हिशेब मला कळतो. पण तो पकड असलेल्या रस्त्याचा झाला. ओल्या मातीवर पकड दर दहा पावलांना बदलते, आणि माझी अडचण नेमकी तिथे आहे.

पहिली शंका अशी, की फोर-एलच्या पहिल्या गिअरमध्येही इंजिनने चाके इतकी रोखून धरली की ती गाडीपेक्षा हळू फिरू लागली, तर गाडी घसरणारच. अशा वेळी एक्सिलरेटर किंचित दाबून चाकांना पुन्हा गाडीच्या वेगाला आणावे, असे वाचले आहे. उतारावर पाय एक्सिलरेटरकडे न्यायला मन धजत नाही. घसरण सुरू होत असल्याचे आधी कशावरून ओळखायचे: स्टिअरिंग हलके लागते त्यावरून, की इंजिनच्या आवाजावरून? शिवाय उतारावर गाडीचा वेग आपोआप रोखून धरणारी हिल डिसेंट व्यवस्थाही शेवटी ब्रेकवरच चालते. मग अशा मातीत ती चालू ठेवावी की नुसत्या इंजिनवर उतरावे?

दुसरी शंका चढाची आहे. ओढा ओलांडल्यावर समोरचा काठ अंगावर येतो. वाडीतले एक काका वर्षानुवर्षे जीप चालवत आले आहेत. ते सांगतात की खालूनच रेटा घेऊन एका दमात चढायचे, मध्ये थांबलास तर चाके जागेवर भोवरा करतील. पुण्यातल्या मित्राचे म्हणणे नेमके उलटे आहे. काकांचे म्हणणे मला पटते, पण चढ संपतो तिथेच आंधळे वळण आहे आणि सकाळी शाळेची मुले त्याच वाटेने चालत येतात. काठ चढायला पुरेल आणि माथ्यावर दिसेल तेवढ्या अंतरात गाडी थांबेल, असा वेग या दोन्ही गोष्टी सांभाळून कसा ठरवता? सध्या मी भावाला आधी वर पाठवतो आणि त्याने हात केल्यावरच गाडी काढतो, पण तो दर वेळी गावी नसतो.

टायरमधली हवा २० पीएसआयपर्यंत उतरवल्यावर चढावर फरक जाणवला, उतारावर मात्र फारसा नाही. चिकट लाल मातीत याहून कमी हवेवर कोणी गाडी चालवली असल्यास, टायर रिमवरून निसटण्याचा धोका कितपत येतो, तेही कृपया लिहावे.

मावळात किंवा कोकणात पावसाळ्यात स्वतः असे रस्ते चालवणाऱ्यांनी आपला अनुभव सविस्तर सांगितल्यास फार मदत होईल. पुढची फेरी येत्या सोमवारी आहे.